मिस्त्रींच्या मागून फिरणारा हात

यार्डात तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं नातं एकाशीच होतं, नवऱ्याच्या धाकट्या भावाशी. पण तो दिवसभर "वहिनी, हे कुठंय, वहिनी, ते कुठंय" करत फिरायचा, आणि ऐकून ऐकून रंगाऱ्यापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बोट दुरुस्तीला आणणारी मंडळी सुरुवातीला 'मॅडम' म्हणत आणि चार दिवसांत वहिनीवर येत. तिचं स्वतःचं नाव आता फक्त तिच्या बहिणीच्या फोनमध्ये उरलं होतं.

तिचं काम दोरांचं. दोराचे पेड उलगडायचे, एकमेकांत परत विणायचे, आणि गाठ न मारता दोराच्या टोकाला पक्का फासा करायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नव्हती, असं मिस्त्री सगळ्यांना सांगत. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. त्यांनीच तिला शिकवलं. शिकवताना ते एवढे ओरडायचे, की शेजाऱ्यांना वाटायचं नवराबायकोची जुंपलीय, आणि चाललेला असायचा दोर विणण्याचा धडा. पुढं तिचा हात त्यांच्यापेक्षा सफाईदार झाला. हे त्यांनी कधी तोंडानं कबूल केलं नाही, पण अवघड दोर आला की तो मुकाट्यानं तिच्या बाकावर आणून ठेवायचे.

यार्ड दोघा भावांचं. छोट्या शिडाच्या बोटी तिथं यायच्या, एका डोलकाठीच्या, दोघंतिघं बसतील एवढ्या. फुटलेलं फायबर आणि कुजलेल्या फळ्या धाकटा बघायचा. डोलकाठीपासून वरचं सगळं, म्हणजे शीड, तारा, कप्प्या, दोर, हे मिस्त्रींचं. आईवडील लवकर गेल्यावर मिस्त्रींनीच धाकट्याला वाढवलं होतं, त्याचं लग्न लावून दिलं होतं, आणि पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला ते अजूनही चारचौघांत "अरे गाढवा" म्हणून हाक मारायचे. धाकटा हसून ओ द्यायचा.

यार्डाचा एक नियम होता, मिस्त्रींनीच घालून दिलेला. ज्याचं काम, त्याची पहिली फेरी. बोटीवर काहीही नवं लावलं, तर लावणाऱ्यानं मालकाबरोबर स्वतः पाण्यावर जाऊन यायचं, आणि मगच बोट ताब्यात द्यायची. "स्वतःचा जीव टांगला की खिळा बरोबर सरळ बसतो," असं ते म्हणत. गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. यार्डाची सगळी इभ्रत या एका नियमावर उभी होती म्हटलं तरी चालेल.

आणि वहिनीची झोप उडवली तीही या नियमानंच.

दोनेक वर्षांपूर्वी मिस्त्रींचं विसरणं सुरू झालं. आधी हसण्यावारी गेलं. चष्मा वॉर्निशच्या डब्यात सापडला तेव्हा तेच सगळ्यांत जास्त हसले. लोक म्हणाले, वय झालं. हे एक बरं असतं लोकांचं. वय झालं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. मग एके दिवशी, दुपारी मिस्त्री जेवून शिडांच्या खोलीत आडवे झाले असताना, वहिनी सहज एका बोटीपाशी गेली, आणि तिला दिसलं की डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारेच्या खिळ्याला आडवी पिनच नाही. खिळा नुसता अडकवलेला. दोन लाटा बसल्या असत्या की निसटला असता, आणि डोलकाठी बोटीतल्या माणसांच्या डोक्यावर आली असती. दुसऱ्या दिवशी त्या बोटीत पहिल्या फेरीला मिस्त्री स्वतः बसणार होते.

तिनं पिन घातली, टोकं वाकवली आणि घरी आली. कुणाला बोलली नाही.

त्या दिवसापासून ती त्यांच्या मागून फिरू लागली. मिस्त्री दुपारी आडवे झाले, की ही पक्कड खिशात घालून त्यांच्या बोटीवर. डोळ्यांत तेल घालून एकेक जोड बघायची. कधी सगळं ठीक असायचं. कधी फासा उलटा विणलेला, कधी बोल्ट हातानंच फिरवून सोडलेला. नीट करून ती आपल्या बाकावर परत यायची आणि मिस्त्री उठले की चहा द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला सांगायची. सांगायला कुणाला जाणार? डॉक्टरांकडे चला म्हटलं, की मिस्त्री म्हणत, "माझं डोकं ठीक आहे, तुझंच दाखवून ये." धाकट्याला सांगितलं असतं, तर त्यानं दादाला पाण्यावर जाऊ दिलं नसतं. आणि पाण्यावर जाणं थांबलं, की मिस्त्रींचं काय उरणार होतं? खुर्ची, खिडकी आणि टीव्ही. तिला नवरा जिवंत हवा होता आणि मिस्त्रीही हवा होता. दोन्ही एकाच माणसात राहावेत म्हणून ती चोरून हात फिरवत होती. मी तिला दोष देत नाही. पण असले बेत टिकत नाहीत.

तेवढ्यात पोहायला शिकवणाऱ्या बाईंची बोट आली.

या बाई तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायच्या. खणखणीत आवाज, रुंद खांदे. त्यांनी जुनी बोट घेतली होती आणि तिच्यावर शिकत होत्या. त्यांची तक्रार अशी, की वारा मागून आला की बोट डोलायला लागते, शिडाच्या खालची आडवी काठी, तिला बूम म्हणतात, ती वर उचलली जाते, आणि मग मनाला येईल तेव्हा या बाजूची त्या बाजूला जाते. एकदा कानाला चाटून गेली होती.

"लगाम नाहीये हिला," मिस्त्री बघताक्षणी म्हणाले. तेव्हा त्यांचं डोकं लख्ख होतं. "डोलकाठीच्या बुडापासून बूमपर्यंत तिरका दोर घ्यायचा, दोन कप्प्यांमधून. ओढून बांधला की बूम उचलत नाही. शीड शहाण्यासारखं वागतं."

"आणि तो ओढलेलाच ठेवायचा?" बाईंनी विचारलं.

"छे. जोराचा वारा आला, बोट कलली, की आधी लगाम सैल सोडायचा. नाहीतर बूमचं टोक पाण्यात जातं, आणि लगाम त्याला वर येऊ देत नाही. बूम पाण्यात अडकला की बोट पालथी."

कॅटलॉगात त्याला व्हँग म्हणतात. यार्डात कुणी म्हणत नसे. दोन कप्प्यांपैकी एकीला दोर पकडून ठेवणारे दात असतात. दोर झटक्यानं वर उचलला की दात सोडतात. ही दातांची कप्पी खाली, डोलकाठीच्या बुडाशी यायला हवी, म्हणजे सुकाणू धरून बसलेल्या माणसाला वाकून दोर सोडता येतो. ती वर, बूमला लावली, तर बूमबरोबर तीही बाहेर पाण्यावर जाते, आणि माणसाचा हात पोचत नाही. एवढीच गोष्ट. पण मिस्त्री तरुणपणी ज्या मोठ्या बोटींवर शिकले, तिथं एक माणूस डोलकाठीपाशी उभाच असायचा आणि वरून दोर ओढायचा. तिथं दात वर असत. या आजारात कालचं जातं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं पुढं येऊन बसतं.

मिस्त्रींनी सकाळभर मन लावून काम केलं. बूमला भोकं पाडली, पट्टी बसवली. बूम अॅल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टीलचे, एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मध्ये मलम लावलं. हे सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. मग लगाम लावला, दातांची कप्पी वर. शेवटी त्यांनी आपली खूण केली: काम झालं की ते शेवटच्या जोडाला लाल दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारायचे. ही सवय अलीकडची. झालेलं काम आणि राहिलेलं काम यांत आपला गोंधळ होतोय, हे त्यांना कुठंतरी कळत असणारच, त्याशिवाय माणूस दोरे बांधत नाही.

दुपारी वहिनीनं बघितलं, तर दातांची कप्पी वर. आजवर तिनं जे जे नीट केलं होतं, ते डोळ्यांना न दिसणारं होतं. इथं अख्खा लगाम उलटा करावा लागणार होता. तिनं दोन्ही खिळे काढले, कप्प्यांची अदलाबदल केली, दोर पुन्हा ओवला. लाल दोरा तोडावा लागला होता. तिनं नवा बांधला. दोन वेढे आणि गाठ. पण तिच्या हाताला वेडीवाकडी गाठ येतच नव्हती. ती गाठ कारागिराची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. वहिनी शिडांच्या खोलीत शिलाई मशीनवर होती. मिस्त्री बोटीपाशी गेले आणि लगामाकडे बघत उभे राहिले. ते काहीतरी पुटपुटत होते, असं बाईंनी नंतर सांगितलं. मग त्यांनी पक्कड मागून घेतली. धाकट्यानं लांबून पाहिलं. त्याला वाटलं, दादा शेवटचा हात फिरवतोय. दादा नेहमीच फिरवायचा.

मशीन थांबवून वहिनी धक्क्यावर आली तेव्हा बोट पाण्यावर होती. वारा मागून होता आणि शीड भरून बाहेर गेलं होतं. तिनं आधी मिस्त्रींकडे बघितलं. ते बाईंना काहीतरी समजावत होते, हात नाचवत, मान ताठ, अगदी पूर्वीसारखे. मग तिचं लक्ष बूमकडे गेलं. लगामाचा मोकळा दोर वरून, बूमला लागून, पाण्यावर लोंबत होता.

"अहो!" ती ओरडली. आवाज पोचला नाही. "भाऊजी, मोटरबोट काढा. काढा लवकर. लगाम उलटा आहे."

धाकटा काही न विचारता पळाला.

वाऱ्याचा झोत आला तो काही फार मोठा नव्हता. बोट कलली. बाईंनी शिडाचा दोर सोडला, तसा बूम आणखी बाहेर गेला आणि त्याचं टोक पाण्यात घुसलं. मिस्त्री लगाम सोडायला खाली डोलकाठीच्या बुडाशी वाकले, हे वहिनीनं स्पष्ट पाहिलं. ऐन वेळी त्यांच्या हातांना बरोबर जागा आठवली होती. त्या जागी काही नव्हतं. त्यांनी वर बघितलं, बूमवर झेप घ्यायला गेले, आणि बोट त्यांच्यावर पालथी झाली.

बाई नसत्या तर मिस्त्री तिथंच गेले असते. त्या पालथ्या बोटीखाली शिरल्या, दोरांत अडकलेल्या मिस्त्रींना ओढून बाहेर काढलं, आणि धाकटा पोचेपर्यंत एका हातानं त्यांना तरंगतं धरलं. एका हातानंच, कारण बोट उलटताना दुसरा कोपरापाशी मोडला होता. तो पुढं नीट सरळ झालाच नाही. मुलांना पोहायला शिकवणं त्यांना सोडावं लागलं. त्या कुणावर चिडल्या नाहीत, आणि तेच वहिनीला जास्त लागलं.

मिस्त्रींच्या दोन बरगड्या गेल्या. दवाखान्यातून घरी आणलं, पलंगावर उशांना टेकवून बसवलं. संध्याकाळी धाकटा भेटायला आला, तसे मिस्त्री त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "माझ्या कामाला हात लागला होता."

"दादा, पडून राहा."

"गाठ माझी नव्हती. मी बांधलेला दोरा मला ओळखू येत नाही होय? कुणीतरी लगाम फिरवून ठेवला होता. मी परत नीट केला, पण आणखी काय काय बिघडवून ठेवलंस कुणास ठाऊक. तूच. यार्ड एकट्याला पाहिजे ना तुला?"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं वहिनीकडे पाहिलं, एकदाच. धक्क्यावर उभ्याउभ्या, एवढ्या लांबून, लगाम उलटा आहे हे तिला कसं कळलं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात तेव्हाच लागला असणार. पण तो नुसता "येतो दादा," म्हणून गेला.

तो गेल्यावर वहिनी पलंगावर टेकली. दोन वर्षं कुणाला न सांगितलेलं तिनं सांगितलं. "भाऊजींनी नाही. मी फिरवला लगाम. तुमचं चुकलं होतं, म्हणून."

"माझं?"

"हल्ली चुकतं तुमचं. मी दुपारी बघते सगळं, तुम्ही झोपल्यावर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

मिस्त्रींनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे पहिली फेरी मी मारायचो, आणि काम तुझं असायचं." त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. बरगड्या दुखत असल्यामुळे त्यांना मोकळं रडताही येईना. ती त्यांचा हात धरून बसली. वाटलं, झालं ते वाईट झालं, पण निदान धाकट्याच्या माथ्यावरचा डाग तरी पुसला गेला.

सकाळी मिस्त्री जागे झाले आणि म्हणाले, "धाकट्यानं घात केला माझा."

वहिनी दाराशी थबकली. रात्रीतून सगळं पुसून गेलं होतं; तिचं सांगणं, रडणं, सगळं. संशय तेवढा राहिला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

तिनं पुन्हा सांगितलं. तेच सगळं, त्याच शब्दांत. पुन्हा त्यांनी विचारलं, कधीपासून. पुन्हा हातांकडे बघितलं, पुन्हा ओठ थरथरला. त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यांदा. आणि दर सकाळी खोकल्यासारखे ते हुंदके बरगड्यांतून निघायचे, आणि ते कळवळायचे. डॉक्टरांनी सांगितलं, यांना त्रास होईल असं काही बोलू नका. वहिनीनं मान डोलावली.

धाकटा रोज सकाळी औषध घेऊन यायचा आणि बाहेरच्या खोलीतून परत जायचा. एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "वहिनी, राहू द्या. नका सांगू त्याला."

"आणि तुम्हाला शिव्या देताहेत त्या?"

"गाढव म्हणायचा, आता चोर म्हणतोय. काय फरक पडतो?" त्यानं हसायचा प्रयत्न केला. ते त्याला जमलं नाही. "त्यानं मला हातानं भरवलंय, वहिनी. मला ठाऊक आहे मी काय केलं आणि काय नाही. तुम्हालाही ठाऊक आहे. तेवढं पुरे."

"मला नाही पुरत," ती म्हणाली. तिला त्याचा राग आला, कारण त्यानं तिच्यापुढं सोपी वाट मांडली होती आणि ती वाट तिला हवीशी वाटली होती. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला? दिराला वाचवायचं तर रोज नवऱ्याला रडवायचं. नवऱ्याला वाचवायचं, तर ज्या माणसानं एका हाकेत मोटरबोट काढली, त्याला भावाच्या नजरेतून कायमचं उतरवायचं. तिनं आणखी काही दिवस नेट लावला. रोज सांगितलं. रोज तो चेहरा बघितला. एकदा तर मिस्त्री म्हणाले, "मग मी आता कशाला जगू?", आणि हे त्यांनी अगदी शांतपणे, किती वाजले विचारावं तसं विचारलं.

त्यानंतरच्या सकाळी ती चहा घेऊन आत आली. मिस्त्री जागे होते.

"अगं," ते म्हणाले, "धाकट्यानंच केलं ना ते? माझ्या कामाला हात लावला ना त्यानं?"

तिनं कप तिपाईवर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "त्यांनीच."

मिस्त्रींनी सुटकेचा श्वास सोडला. चेहरा मोकळा झाला, डोळ्यांत जुनी चमक आली. "मला वाटलंच. माझं काम असं चुकायचं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कप मागितला.

वहिनी वळली, तर दारात धाकटा औषधाची पिशवी घेऊन उभा होता. तिचं 'हो' त्यानं ऐकलं होतं. त्यानं पिशवी तिच्या हातात दिली, दिवसातून किती वेळा द्यायचं ते नेहमीसारखं सांगितलं, आणि दादाच्या नजरेला पडायच्या आत निघून गेला. यापुढं त्यानं आत येणं बरं नव्हतं.